कानाच्या बाईंच्या घरातली गुडगुड

सोमवारी सकाळी बायको तपासणीच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा आरेखक माशांना खायला घालत होता. तिने दार अगदी हलक्या हाताने लावून घेतलं. बायको दार हलक्या हाताने लावते तेव्हा पुढे काहीतरी जड येणार असतं, हे इतक्या वर्षांच्या संसारात त्याला कळून चुकलं होतं. आत एक आजी कानांवर हेडफोन चढवून बसल्या होत्या. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच त्यांना सांगितलेलं होतं आणि त्या मन लावून दाबत होत्या.

"काय म्हणतायत आजींचे कान?" त्याने विचारलं.

"फारच छान आहेत. मी मशीन बंद केलंय, तरी त्या दाबतायत."

म्हातारपणी होतं असं एखाद्याचं, असं आरेखक म्हणणार होता. तेवढ्यात टाकीच्या कोपऱ्यातून नेहमीसारखं गुडगुड, गुडगुड, फुर्र झालं आणि बंद दाराआडून बटण दाबल्याचा 'टक' ऐकू आला. थोड्या वेळाने पुन्हा गुडगुड, पुन्हा टक. दोघं नवराबायको टाकीकडे बघत उभे राहिले. टाकीतला सगळ्यात मोठा केशरी मासा, ज्याला घरात 'म्हातारा' म्हणत, तोही त्यांच्याकडे बघत होता.

बायको कान तपासायची. आधी मोठ्या रुग्णालयात नोकरी होती, पण तिथल्या धावपळीला कंटाळून तिने घरातलीच एक खोली त्यासाठी सजवली, भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी लावून घेतलं, आणि बघता बघता सगळा परिसर तिला कानाच्या बाई म्हणायला लागला. आरेखक सांडपाण्याच्या खात्यात नकाशे काढायचा. गावातल्या निम्म्या गटारांची चढउताराची आखणी त्याच्या हातची होती, मात्र त्यातलं एकही गटार त्याने प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. दिवसभर न दिसणारं घाण पाणी कागदावरून वाहवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन दिसणारं स्वच्छ पाणी बघत बसायचं, असा त्याचा जीव रमवण्याचा मार्ग होता. तो दारात आला की म्हातारा पोहत पुढे येऊन काचेला तोंड लावायचा. आपण घरी आल्याचा आनंद होणारं एवढं एकच माणूस घरात आहे, असं आरेखक गमतीने म्हणायचा, आणि गंमत म्हटली तरी त्यात बरंचसं खरं होतं.

आता गुडगुड कशी व्हायची, तेही सांगितलं पाहिजे. टाकीच्या कोपऱ्यात काचेचा एक उभा खण होता. टाकीतलं वरवरचं पाणी त्या खणात पडायचं, तिथून एका पाईपने खालच्या कपाटात ठेवलेल्या लहान टाकीत उतरायचं, तिथे गाळलं जायचं आणि पंप त्याला पुन्हा वर चढवायचा. खाली उतरताना हे पाणी जाम हवा ओढून न्यायचं आणि मग पाईप जेवण जास्त झाल्यासारखा ढेकर देत बसायचा. आरेखकाला हा आवाज गोड वाटायचा. पाणी व्यवस्थित चाललंय याची ती पावती आहे, असं त्याचं म्हणणं.

बायकोने आजींना शनिवारी यायला सांगून घरी पाठवलं आणि स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली. टाकी घरात आल्यापासून जितक्या म्हाताऱ्यांचे कान तिने ठणठणीत ठरवले होते, त्या सगळ्यांना परत बोलवावं लागणार होतं. तेही एक वेळ निस्तरता आलं असतं. पण त्याच शनिवारी परवाना देणाऱ्या मंडळाचे तपासनीस खोली बघायला येणार होते. खोली पुरेशी शांत नाही असं त्यांचं मत झालं, तर घरची तपासणी बंद आणि पुन्हा रुग्णालयाची वाट धरायची.

"शनिवारी सकाळी त्या खोलीत टाकीचा आवाज येता कामा नये," ती म्हणाली. "आला तर कोणाला तरी हे घर सोडावं लागेल. मी जाऊ शकत नाही, आप्पा जाऊ शकत नाहीत, आणि तुम्हाला कोणी नेणार नाही. राहता राहिली टाकी."

आप्पा म्हणजे आरेखकाचे वडील. टाकीशेजारच्या आरामखुर्चीत त्यांचा मुक्काम असायचा. त्यांचं आणि सुनेचं दीड वर्ष धड बोलणं नव्हतं. भांडण झालं म्हणावं तर तेही झालं नव्हतं. ती जेवायला हाक मारायची, हे हलायचे नाहीत. ती काही विचारायची, हे माशांकडे बघत राहायचे. एकदा तिने सरळ त्यांना खोलीत बसवून त्यांचे कान तपासले, तर निकाल असा की तरुणांनी लाजावं. झालं, तेव्हापासून तिने मनाशी पक्कं धरलं की म्हातारा माणूस मुद्दाम करतोय. मग तीही गप्प झाली. जेवणाचं ताट समोर ठेवायची, चहाचा कप हाताशी ठेवायची, सेवेत काडीची कसूर नाही, पण तोंडातून शब्द नाही. मधल्या मध्ये आरेखकाची निरोप्यासारखी वरात चालायची. हिचं त्यांना सांग, त्यावर ते नुसती मान डोलवणार, ती मान हिला येऊन सांग.

टाकी जाणार ही बातमी खालच्या मजल्यावर कशी पोहोचली देव जाणे. संध्याकाळी दातांचे डॉक्टर मोजपट्टी घेऊन हजर. त्यांचा दवाखाना बरोबर खालीच होता आणि टाकीवर त्यांचा फार दिवसांपासून डोळा होता. आपल्याकडे बसलेली माणसं घाबरलेली असतात, मासे बघून त्यांचं मन शांत होईल, असं म्हणत त्यांनी लांबी मोजली, रुंदी मोजली, आणि म्हाताऱ्या माशाने तोंड उघडायची वाट बघत काचेवर टिचकी मारली. आरेखकाला ती टिचकी कानशिलात बसल्यासारखी लागली. जायच्या आधी डॉक्टर म्हणाले की मासे अगदी घरच्यासारखे सांभाळू, त्यामुळे आरेखकाला आणखीच रडू आलं.

मंगळवारपासून आरेखक कामाला लागला. कामाचं तत्त्व त्याच्या रक्तात होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी त्याला शिकवलं होतं की सांडपाण्याची नळी कधी पूर्ण भरून वाहू द्यायची नाही, पाण्याच्या वर हवेला जागा ठेवायचीच. त्यावर त्याने उभी हयात काढली होती. त्यामुळे गुडगुड होते याचा अर्थ हवा कमी पडतेय, असं निदान करून त्याने पाईपच्या वरच्या वळणाला एक भोक पाडलं. गुडगुड थांबली आणि शिट्टी सुरू झाली. भोक मोठं केलं तर शिट्टी आणि गुडगुड दोन्ही हातात हात घालून आल्या. बायको दारातून डोकावली आणि आत्तापर्यंत घरात नुसतं पोट बिघडलेलं होतं, आता गाडीही सुटायला लागली, एवढं बोलून निघून गेली.

बुधवारी त्याने भोक बुजवलं आणि हवेचा नाद सोडून आवाज कोंडायचं ठरवलं. खालच्या कपाटात त्याने एक जुनी गोधडी चहूबाजूंनी ठासून भरली. आवाज खरोखरच दबला. तो इतका खूश झाला की कचेरीत जाऊन शेजारच्या टेबलावरच्यांना त्याने दोनदा सांगितलं. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर गोधडीचं एक टोक खालच्या टाकीत बुडलेलं, त्या टोकाने सगळी गोधडी पाणी प्यायलेली, आणि दुसऱ्या टोकाने ते सावकाश जमिनीवर सोडलेलं. पाणी कमी झाल्यामुळे पंप तळाचं पाणी सुर्र सुर्र ओढत होता. गोधडी बायकोच्या आईने शिवलेली होती, हे त्याला ती पिळताना कळलं.

गुरुवारी त्याने काही केलं नाही. खुर्ची घेऊन टाकीसमोर बसला आणि म्हाताऱ्याची मनातल्या मनात माफी मागितली. आप्पा शेजारी बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होते. काय झालं, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्याने टाकी बहुतेक जाणार असं सांगितलं. आप्पांनी मान डोलावली आणि पाऊस पडेल असं वाटत नाही, म्हणाले. यांचं लक्ष कुठे असतं कोण जाणे, असं आरेखकाला वाटलं, आणि बायकोला दोष देण्यात अर्थ नाही असंही वाटलं.

शुक्रवारी तो कचेरीतून आला तर घर गप्प होतं.

गुडगुड नाही, शिट्टी नाही, सुर्र नाही. पंप चालू होता, मासे हिंडत होते, पाणी कोपऱ्यातल्या खणात उतरत होतं, आणि आवाज शून्य. बायको त्याची वाटच बघत होती. तिचा चेहरा असा उजळलेला त्याने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"काय केलंत हो?"

आपण काही केलेलं नाही, हे सांगायला लागणारा मोठेपणा त्या घटकेला त्याच्यापाशी नव्हता. बघ, जमलं, एवढंच तो म्हणाला. तिने त्याला हाताला धरून तपासणीच्या खोलीत नेलं, एक हेडफोन त्याच्या कानांवर चढवला, एक स्वतःच्या, आणि दोघं आत बसून ती शांतता ऐकत राहिली. लग्नानंतर फिरायला गेले होते तेव्हासुद्धा दोघं इतका वेळ एकत्र गप्प बसले नव्हते. टाकी राहिली, या आनंदात त्याने डोळे मिटून घेतले.

त्यांना भानावर आणलं ते दाराच्या धडधडण्याने. दारात दातांचे डॉक्टर, हातात चिमटा, तोंडाला पट्टी, आणि पट्टीच्या वरचे डोळे लाल. खाली खुर्चीत एका गृहस्थांना आ वासून आडवं केलं होतं आणि बरोबर त्यांच्या तोंडात छतातून पाणी पडायला लागलं होतं. गृहस्थ बिचारे सोशिक. चूळ भरायचं पाणी वरून येण्याची नवी सोय केली असेल असं समजून त्यांनी दोनदा चूळ भरलीही. मग त्यांना चव वेगळी लागली.

आरेखक दिवाणखान्यात धावला. टाकी काठोकाठ भरून समोरच्या काचेवरून पाण्याचा नाजूक पडदा खाली उतरत होता आणि जमिनीवर तळं झालं होतं. त्या तळ्याच्या मधोमध आप्पा आरामखुर्चीत, दोन्ही पाय वर घेऊन, शांतपणे मासे बघत बसले होते. त्याने धावत पंप बंद केला आणि अहो आप्पा, हाक तरी मारायची, असं ओरडला.

"मला वाटलं सूनबाई फरशी धुतायत," आप्पा म्हणाले. "म्हणून पाय वर घेतले."

बायकोने आरेखकाकडे जे बघितलं त्याचा अर्थ, बघितलंत ना, मुद्दाम कसं असतं ते, असा होता. डॉक्टरांनी तोंडाची पट्टी काढून सांगितलं की ही टाकी आता कोणी गळ्यात बांधली तरी त्यांना नको, आणि ते पाय आपटत खाली गेले. म्हणजे आता टाकी गेलीच तर दुकानात परत जाणार, आणि दुकानदार मासे एकेक करून कोणाकोणाला देणार. म्हातारा कुठल्या घरी कुठल्या वाडग्यात जाऊन पडेल, असं मनात म्हणत आरेखकाने फडकं हातात घेतलं.

पुसापुशी झाल्यावर त्याने खणात हात घातला. पाईपच्या तोंडात एक गोगलगाय घुसून बसली होती. टाकीतलीच, शेवाळ खाणारी, अंगाने भरलेली. तिने निम्म्याहून जास्त तोंड अडवलं होतं. तिला काढून पंप लावला तर पाणी सुखाने उतरायला लागलं, आणि गुडगुड, गुडगुड, फुर्र.

आरेखकाने पंप बंद केला, गोगलगाय परत ठेवली, पंप लावला. शांतता. काढली, गुडगुड. ठेवली, शांतता. तिसऱ्यांदा गोगलगाईने अंग आक्रसून निषेध नोंदवला तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला, आणि उजेड पडल्यावर त्याला घाम फुटला. तोंड अडल्यामुळे पाणी पाईपच्या वर साठत होतं. साठल्यामुळे पाईप पूर्ण भरून वाहत होता. पूर्ण भरल्यामुळे हवेला आत शिरायला फट नव्हती, आणि हवा नाही म्हणजे आवाज नाही. जी गोष्ट कधी करायची नाही म्हणून तो आयुष्यभर नकाशांवर लाल रेघा मारत आला होता, नेमकी तीच करायची होती.

"अगं, नळी भरून वाहू द्यायला हवी," तो बायकोला म्हणाला. स्वतःच्या तोंडून हे ऐकताना त्याला साहेबांचा चेहरा दिसला.

"मग द्या ना. अडवलंय कोणी?"

अडवलं कोणीच नव्हतं. फक्त गोगलगाईच्या जागी जरुरीप्रमाणे कमीजास्त करता येईल असा व्हॉल्व्ह हवा होता. आणि उद्या त्या व्हॉल्व्हमध्ये एखादी गोगलगाय अडकलीच तर पुन्हा कोणाच्या तोंडात पाणी पडू नये म्हणून जादा पाण्यासाठी दुसरा, मोकळा पाईप हवा होता. खणाच्या तळाला दुसरं भोक होतंच, दुकानदाराने बूच मारून दिलेलं. दुकान बंद व्हायच्या आत तो सामान घेऊन आला, शनिवारी उजाडल्या उजाडल्या कपाटात डोकं घालून बसला, आणि तपासनीस यायच्या सुमाराला शेवटचा आटा आवळून त्याने पंप लावला.

आधी गुडगुडलंच. त्याने व्हॉल्व्ह केसभर फिरवला. आवाज पातळ झाला. आणखी केसभर. खणातलं पाणी चढलं, पाईपचं तोंड बुडालं, एकदा शेवटचं फुर्र झालं आणि मग सगळं थांबलं. पाणी चढत चढत दुसऱ्या पाईपच्या तोंडाशी आलं, त्यातून करंगळीएवढी धार चोरपावलांनी उतरली, आणि पातळी तिथेच ठरली. आरेखक कपाटासमोर ओल्या गुडघ्यांवर बसून राहिला. हलायची त्याची छाती होत नव्हती.

तपासनीस वक्तशीर आणि कमी बोलणारे होते. त्यांनी खोलीत मध्यभागी आवाज मोजायचं यंत्र ठेवलं, सगळ्यांना गप्प राहायची खूण केली आणि काट्याकडे बघत उभे राहिले. बायकोने साडीचा पदर मुठीत घट्ट धरला होता. काटा जरासा हलला, डुगडुगला आणि खाली जाऊन पडून राहिला. खोली उत्तम आहे, म्हणाले. बायकोने पदर सोडला आणि आरेखकाने इतका वेळ धरलेला श्वास.

आता एक तपासणी प्रत्यक्ष करून दाखवा, असं तपासनीस म्हणाले. आजींचा काही पत्ता नव्हता आणि आरेखकाचे हात कोपरापर्यंत ओले. मग त्यानेच आप्पांना खुणेने उठवून आत आणून बसवलं. बायकोच्या कपाळावर आठी पडली, पण पाहुण्यासमोर काय बोलणार. आप्पांचे कान उत्तम आहेत, मागेच तपासलेत, एवढं तपासनिसांना सांगून तिने हेडफोन चढवला आणि मशीन सुरू केलं.

आप्पा बटणावर अंगठा ठेवून बसले. बायकोने आवाज दिला. आप्पा बसलेलेच. थोडा वाढवला. काही नाही. आणखी वाढवला, आणखी. आप्पांनी एकदा प्रेमाने सगळ्यांकडे बघून घेतलं आणि पुन्हा वाट बघत बसले. मशीन बिघडलंय का, असं तपासनिसांनी विचारलं आणि हेडफोन स्वतः लावून बघितला. पहिल्याच सुराला त्यांनी दचकून तो काढला आणि मशीन ठणठणीत आहे, म्हणाले.

बायकोचा चेहरा एकदा लाल झाला, एकदा पांढरा. मागच्या तपासणीत आप्पांनी ऐकलेला प्रत्येक आवाज कुठून आला होता हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं. आप्पा दिवसभर टाकीच्या पायाशी बसायचे. ऐकायला म्हणा, अंगाला जाणवायला म्हणा, त्यांना तेवढी गुडगुड, जमिनीतून का होईना, या खोलीतही पोहोचत होती. बाकीचं काहीच नाही. ती त्यांच्या खुर्चीशी खाली बसली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, गेल्या दीड वर्षातलं सगळं एकदम बाहेर यावं अशा आवाजात तिने विचारलं.

"आप्पा, मी हाका मारायचे त्या तुम्हाला ऐकूच यायच्या नाहीत?"

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. हळूहळू त्यांचे डोळे भरून आले.

"तू बोलतेस होय माझ्याशी?" ते म्हणाले. "मला वाटलं, मी काहीतरी चुकलो म्हणून तू बोलणंच टाकलंस. काय चुकलं ते विचारायचीसुद्धा भीती वाटायची गं."

तिने तिथेच जमिनीवर बसून रडायला सुरुवात केली आणि रडता रडता हसायला. तुम्ही नाही चुकलात, माझीच तपासणी चुकली, असं ती त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि प्रत्येक वेळी आवाज चढवावा लागत होता. आरेखकाच्या छातीवरचा दगड उतरला. इतके दिवस आपल्या छातीवर टाकीचाच दगड आहे असं त्याला वाटत होतं. तपासनिसांनी दोनदा घसा खाकरला, खोली चालेल, पण मोजमाप झालं तेव्हा घरात शांतता होती असं गृहीत धरतो, असं म्हणून हसले आणि चहा घेऊन गेले.

आप्पांच्या कानातलं यंत्र बनून यायला काही दिवस लागणार होते. तोवर थांबायला कोण तयार होतं? दीड वर्षाचं बोलणं तुंबलेलं. गोधडीचं काय झालं ते तिने त्यांना सांगितलं, डॉक्टरांच्या गृहस्थांची चूळ सांगितली, धाकट्या नणंदेचं लग्न कसं झालं इथपासून सगळं पुन्हा सांगितलं, आणि तेही, ऐकू न येणाऱ्या सगळ्यांच्या सवयीप्रमाणे, तिच्याहून वरच्या पट्टीत उत्तरं देत होते. "मीठ कमी नव्हतं आप्पा," ती ओरडायची. "कोण कमी बोलतं?" ते ओरडायचे. आणि दोघं पोट धरून हसायची.

तिसऱ्या दिवशी खालून दातांच्या डॉक्टरांचा निरोप आला. टाकीबद्दल आता त्यांची काही तक्रार नव्हती, पण वरच्या मजल्यावर भांडणं चालली आहेत असं समजून खुर्चीतली माणसं तोंड उघडायला तयार होत नव्हती, तेव्हा जरा हळू. आरेखकाने तो निरोप बायकोला सांगितला. तिने तो आप्पांना सांगितला, आणि तो खालपर्यंत सगळ्यांनी ऐकला.

त्या संध्याकाळी तो घरी आला, म्हातारा काचेला तोंड लावून वाट बघत होताच. आरेखक खुर्ची ओढून टाकीसमोर बसला. पाठीमागे चहात साखर किती यावर सासरा-सुनेचं रंगात आलं होतं. पाणी नीट उतरतंय की नाही ते ऐकायला त्याने कान लावला. काही कळेना. शेवटी तो उठला, गुडघे टेकून बसला, आणि कपाट उघडून डोळ्यांनी बघून घेतलं.